सोलापूर ते मुंबई: हवाई अंतर, विमानाला लागणारा वेळ आणि प्रवासाचं खरं गणित

प्रश्न असा आहे: सोलापूर-मुंबई अंतर एका ठिकाणी ३६२ किलोमीटर दिसतं, दुसरीकडे ४०० आणि रेल्वेच्या हिशोबात ४५५. यातलं खरं कोणतं? विमान ताशी आठशे किलोमीटरने उडतं, मग अर्ध्या तासाच्या वाटेला तिकिटावर तासाभराचा वेळ का छापतात? आणि रात्री मुंबईहून परदेशी विमान पकडायचं असेल, तर होटगी रोडवरच्या सोलापूर विमानतळावरून विमानाने जावं की रेल्वेने?

आधी थोडक्यात. तिन्ही अंतरं खरी आहेत, फक्त वाटा वेगळ्या आहेत. विमानाचा वेळ अंतराला वेगाने भागून निघत नाही. आधी अर्धा-पाऊण तास ठरलेला जातो आणि त्यावर उडण्याची मिनिटं चढतात. परदेशी विमानासाठी सोलापूरहून निघण्याची वेळ ठरवताना मात्र विमान किती वेळात पोचतं यापेक्षा ते रद्द झालं तर दुसऱ्या वाटेने वेळेत पोचता येईल का, हे आधी बघायला हवं. आता सविस्तर.

अंतरापासून सुरुवात करू. होटगी रोड विमानतळ साधारण १७.६२८ अक्षांश आणि ७५.९३५ रेखांशावर आहे, मुंबईचा अंधेरी-सांताक्रूझचा विमानतळ १९.०९० आणि ७२.८६६ वर. अक्षांशातला फरक १.४६२ अंश. एका अक्षांशाचे १११ किलोमीटर धरले की उत्तर-दक्षिण फरक १६२ किलोमीटर निघतो. रेखांशातला फरक ३.०६९ अंश. पण रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एका रेखांशाचे साधारण १०५.६ किलोमीटरच भरतात. म्हणजे पूर्व-पश्चिम फरक ३२४ किलोमीटर. या दोन संख्यांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा, उत्तर ३६२ किलोमीटर येतं. पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत ही शाळेतली पायथागोरसची रीत पुरेशी अचूक आहे. त्यापुढे पृथ्वीच्या गोलाईचं सूत्र वापरावं, आणि अ‍ॅप तेच करतं.

याच हिशोबाने होटगी रोडहून गोव्याचं मोपा ३०४ किलोमीटर, बेंगळुरू ५२५, हैदराबादचं शमशाबाद २६८, पुण्याचं लोहगाव २३८ आणि, गोलाईच्या सूत्राने, दिल्ली सुमारे १,२१६ किलोमीटर भरतं. हे सगळं विमानतळ ते विमानतळ आहे. बरीच संकेतस्थळं शहराचा मध्यबिंदू धरतात, म्हणून दहा-पंधरा किलोमीटरचा फरक दिसला तर गोंधळू नका. मुंबईच्या बाबतीत आता आणखी एक गोष्ट बघावी लागते. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि तो सोलापूरहून साधारण ३३८ किलोमीटरवर आहे. उडण्याच्या वेळात यामुळे दोन मिनिटांचाही फरक पडत नाही, पण उतरल्यावर तुम्हाला बोरिवलीला जायचंय की पनवेलला, यावर दीड तास इकडचा तिकडे होतो. तिकिटावर शहराचं नाव न वाचता तीन अक्षरी संकेत वाचा: बीओएम म्हणजे जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. गोव्यातही तसंच, जीओएक्स म्हणजे मोपा आणि जीओआय म्हणजे दाबोळी. सोलापूरचा संकेत एसएसई आहे.

एककांमुळेही फसगत होते. ३६२ किलोमीटर, २२५ मैल आणि १९६ नॉटिकल मैल हे एकच अंतर आहे. वैमानिक आणि हवाई नियंत्रण नॉटिकल मैलात बोलतात, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. एखाद्या अ‍ॅपवर ‘१९६’ दिसलं आणि पुढे एकक नसलं, तर ते बहुतेक नॉटिकल मैल असतात.

रस्त्याने ४०० किलोमीटर होतात, कारण महामार्ग मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुण्याला जातो आणि तिथून घाट उतरतो. तरी हा रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे, हवाई अंतरापेक्षा जेमतेम दहा टक्के जास्त. रेल्वे कुर्डुवाडी, दौंड, पुणे, लोणावळा, कर्जत, कल्याण असं वळण घेते, म्हणून तिचे ४५५ होतात. विमानही सरळ रेषेत जात नाही. निघताना धावपट्टीच्या दिशेने उठावं लागतं, मग नेमून दिलेल्या हवाई मार्गावर जायचं, आणि उतरताना रांगेत येऊन धावपट्टीसमोर उभं राहायचं. त्यामुळे ३६२ किलोमीटरच्या वाटेवर प्रत्यक्षात तीस-पन्नास किलोमीटर जास्त उडणं काही विशेष नाही.

आता वेळेचं. तिकिटावर जो वेळ छापतात तो चाकं जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचा नसतो. विमान उभ्या जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी नुकसानभरपाईच्या वेळी कामाला येतो.

या वेळात काय काय मावतं ते बघा. जागेवरून निघून धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचं. लहान विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे नसतो, तेव्हा विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जाऊन तिथे मागे वळावं लागतं. त्यात चार-पाच मिनिटं जातात आणि तेवढा वेळ दुसरं विमान उतरू शकत नाही. मग उड्डाण. दहा हजार फुटांखाली वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६३ किलोमीटर. म्हणजे चढताना आणि उतरताना आठशेचा वेग नियमानेच मिळत नाही. उतरण्याचा ढोबळ ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल लागतात. विमान चोवीस हजार फुटांवर असेल तर मुंबईच्या ७२ नॉटिकल मैल, म्हणजे एकशेतीस-पस्तीस किलोमीटर आधीच ते खाली यायला लागतं. चढण्यात शंभर-एकशेवीस किलोमीटर गेलेले असतात. ३६२ मधून हे वजा करा, वरती सपाट आणि पूर्ण वेगाने उडायला उरतात जेमतेम सव्वाशे किलोमीटर. ज्या आठशेच्या वेगावर आपण हिशोब करतो, तो वेग या वाटेवर नऊ-दहा मिनिटांपुरताच असतो.

म्हणून सूत्र असं वापरावं: हवाई अंतर भागिले सपाट उडण्याचा वेग, त्यात ठरीव मिनिटं मिळवायची. दोन्ही टोकं शांत विमानतळं असतील तर ३० मिनिटं, एक टोक मुंबई, दिल्ली, बेंगळुरूसारखं गजबजलेलं असेल तर ४०, दोन्ही टोकं तशी असतील तर ४५ ते ५०. वेग जेटसाठी ताशी ८००, पंख्याच्या विमानासाठी ५००.

सोलापूरला हा फरक महत्त्वाचा आहे, कारण इथे दोन्ही जातीची विमानं आलेली आहेत. फ्लाय ९१ ने ९ जून २०२५ ला गोव्याची सेवा सुरू केली ती एटीआर ७२-६०० ने, म्हणजे पंख्याच्या विमानाने. स्टार एअरने १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईची सेवा सुरू केली ती एम्ब्रेअर १७५ ने, ७६ आसनांच्या छोट्या जेटने. आता सूत्र लावा. मोप्याला ३०४ भागिले ५०० म्हणजे ३६ मिनिटं, अधिक ३०, झाला सव्वा तासाच्या आतला प्रवास. मुंबईला ३६२ भागिले ८०० म्हणजे २७ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे एक तास पाच-दहा मिनिटं. वेळापत्रकात कंपनी यात पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे करते. बेंगळुरूचं ५२५ किलोमीटर जेटने ३९ अधिक ४०, म्हणजे सव्वा तासाच्या थोडं पुढे. बघा, बेंगळुरू मुंबईपेक्षा १६३ किलोमीटर लांब, पण वेळात फरक जेमतेम बारा मिनिटांचा. मुंबई-पुणे हवाई अंतर १२५ किलोमीटरच आहे. सूत्राने उडण्याची मिनिटं नऊ, तरी ब्लॉक टाइम पाऊण तासाच्या पुढेच जातो. जवळच्या विमानप्रवासात अंतर कमी झालं म्हणून वेळ त्या मानाने कमी होत नाही. तिकीट काढण्याआधी एवढं एक कळलं तरी बरेच चुकीचे बेत टळतात.

वाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा समोरून असेल तर मुंबईच्या वाटेवर जेटचं दीड मिनिट जातं, मोप्याला एटीआरचं तीन मिनिटं. दिल्लीच्या वाटेवर हिवाळ्यात वाऱ्याने दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडू शकतो, इथे नाही.

मुंबईचं टोक मात्र मनावर घ्यावंच लागतं. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या एकेरी धावपट्ट्यांपैकी ती एक आहे. बहुतेक वेळा विमानं पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात आणि उठतानाही समुद्राच्या दिशेने उठतात. सोलापूरहून जाणारं विमान पूर्वेकडूनच येत असल्याने त्याला उतरायला वाट बरी मिळते. उलट मुंबईहून सोलापूरला येणारं विमान आधी समुद्रावर जातं, वळतं आणि मग पूर्वेला लागतं. गर्दीच्या वेळी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, त्यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. पावसाळ्याआधी साधारण मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर दुरुस्तीसाठी दोन्ही धावपट्ट्या एखाद्या दिवशी दुपारी काही तास बंद ठेवतात. ही तारीख आधीच जाहीर होते. त्या दिवशीचं दुपारचं तिकीट काढू नका.

सोलापूरच्या टोकाला अडचणी वेगळ्या आहेत. होटगी रोडच्या विमानतळाला अनेक वर्षं नियमित सेवा नव्हती. उतरण्याच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली, नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं आणि त्यानंतरच्या वर्षी विमानं सुरू झाली. म्हणजे इथली सेवा अजून तरुण आहे, दिवसाला मोजकी विमानं आहेत, आणि त्यातून पुढच्या बहुतेक गोष्टी निघतात.

पहिली उन्हाची. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकद घटते. ढोबळ नियम असा की प्रमाण वातावरणाच्या हिशोबाने त्या उंचीवर जेवढं तापमान असायला हवं, त्याहून जास्तीच्या दर अंशाला उंचीत १२० फूट वाढवायचे. इथे अपेक्षित तापमान १२, प्रत्यक्षात ४२, फरक ३० अंशांचा. त्याचे झाले ३,६०० फूट. त्यात विमानतळाची मूळ उंची, म्हणजे ४८० मीटरचे सुमारे १,६०० फूट, मिळवली की सुमारे ५,२०० फूट. म्हणजे होटगी रोडच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान त्या दुपारी महाबळेश्वरपेक्षा उंच जागेवरून उडत असल्यासारखं वागतं. धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास असताना कंपनीकडे उपाय एकच, वजन कमी करणं. मग काही आसनं रिकामी ठेवतात किंवा काही सामान मागच्या विमानाने पाठवतात. एप्रिल-मेमध्ये लग्नाचं किंवा औषधांचं सामान असेल तर ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या, काउंटरवर द्यायच्या बॅगेत न ठेवता हातातल्या बॅगेत ठेवावं. सकाळचं विमान मिळत असेल तर उन्हाळ्यात तेच घ्यावं.

दुसरी गोष्ट दृश्यमानतेची. ज्या विमानतळावर विमानाला ढगाधुक्यातून खाली आणणारी आयएलएस यंत्रणा नसते, तिथे वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी दिसावी लागते. डोळ्यांनी बघून उडण्याच्या नियमात साधारण पाच किलोमीटरची दृश्यमानता लागते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुरकं आणि पावसाळ्यात खाली उतरलेले ढग, दोन्ही लहान विमानतळांना नडतात. दिल्लीला पन्नास-शंभर मीटर दृश्यमानतेतही विमानं उतरतात, मग सोलापूरला समोर रस्ता दिसत असताना का उतरत नाहीत, असं लोक विचारतात. कारण हेच: तिथे यंत्रणा आहे, विमान आणि वैमानिक दोघंही त्यासाठी प्रमाणित आहेत. उतरता आलं नाही तर विमान निघाल्या जागी परत जातं किंवा जवळच्या मोठ्या विमानतळावर उतरतं.

तिसरी गोष्ट साखळीची, आणि उशिराचं सगळ्यांत मोठं कारण हेच असतं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. सोलापूरला ते येतं, पंचवीस-तीस मिनिटं थांबतं आणि पुढे जातं. सकाळच्या फेरीला तासभर उशीर झाला तर तो दिवसभर पुढे सरकत राहतो, कारण मधे भरून काढायला जागाच नसते. म्हणून घरून निघण्याआधी आपलं विमान वेळेवर आहे का, हे न बघता जे विमान आपल्यासाठी येणार आहे ते आत्ता कुठे आहे, हे बघावं. विमान मागोवा दाखवणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपवर आधीच्या फेरीचा क्रमांक टाकला की दिसतं. ते अजून पहिल्याच विमानतळावर उभं असेल, तर संदेश येवो न येवो, तुमचं विमान उशिरा आहे.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशोब. अशोक चौकातून किंवा जुळे सोलापूरमधून होटगी रोडला पोचायला रिक्षाने वीस ते तीस मिनिटं धरा. आसरा चौकात संध्याकाळी थोडं जास्त. काउंटर उड्डाणाआधी साधारण ६० मिनिटांना बंद होतो, काही कंपन्या ४५ ला करतात. विमानतळ लहान आहे, रांग लहान आहे, तरी सव्वा तास आधी पोचा. विमानाचा एक तास दहा मिनिटं. मुंबईला बस, सामानाचा पट्टा आणि बाहेर पडणं यात अर्धा तास. तिथून अंधेरीत वीस मिनिटं, दादरला पाऊण तास, फोर्टला तासभर किंवा जास्त. बेरीज केली तर दादरपर्यंत सव्वाचार तास. वंदे भारत सोलापूरहून पहाटे सहाच्या सुमाराला सुटते आणि सुमारे साडेसहा तासांत सीएसएमटीला पोचते. घर ते स्टेशन आणि पुढचं धरून साडेसात तास. म्हणजे विमानाने सव्वातीन तास वाचतात.

पण वेळ वाचला याचा अर्थ काम होईलच असा नाही. तुम्हाला मंत्रालयात सकाळी साडेदहाला उभं राहायचं असेल आणि विमान दुपारी असेल, तर ते विमान आदल्या दिवशीचं घ्यावं लागेल, वर मुक्कामाचा खर्च. अशा कामाला रात्री बसून सकाळी उतरवणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेसच चांगली. आठ तास लागतात, पण दिवसातला एक तासही जात नाही. वंदे भारत आठवड्यातला एक दिवस नसते, तो बघून घ्या. विमान खरं उपयोगी कोणाला? दिवसाउजेडी अंधेरी, विलेपार्ले, वांद्रे या बाजूला काम असणाऱ्यांना, आजारी किंवा वयस्क माणसाला सोबत नेणाऱ्यांना, आणि मुंबईहून अक्कलकोट-तुळजापूरला एका दिवसाच्या सवडीने येणाऱ्यांना. होटगी रोडहून दोन्ही ठिकाणं तासाभराच्या वाटेवर आहेत.

रात्रीच्या परदेशी विमानाचा प्रश्न वेगळा आहे. समजा विमान रात्री ११ ला आहे. तीन तास आधी, म्हणजे ८ वाजता टर्मिनल २ वर पोचायला हवं. सोलापूरचं विमान रद्द झालं तर उरतो रस्ता. पुण्यापर्यंत चार-साडेचार तास, पुढे एक्स्प्रेसवे, घाट आणि मुंबईची गर्दी धरून एकूण आठ ते नऊ तास. ८ मधून ९ तास वजा करा: सकाळी ११. म्हणजे सोलापूरचं विमान उडणार की नाही हे तुम्हाला सकाळी ११ पर्यंत नक्की कळायला हवं. विमानाची वेळ दुपारी १२ नंतरची असेल तर ते शक्यच नाही. कारण रद्द झाल्याचं बहुतेक वेळा शेवटच्या तास-दोन तासांत कळतं, आणि तोवर वंदे भारतही सकाळीच निघून गेलेली असते. अशा वेळी त्याच दिवशी सकाळी वंदे भारतने निघा किंवा आदल्या रात्री सिद्धेश्वरने. विमानानेच जायचं असेल तर आदल्या दिवशीचं घ्या. सोलापूरचं विमान सकाळचं असेल तर मात्र खुशाल जा, हातात पर्यायाला वेळ राहतो.

दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. चुकलेलं परदेशी विमान तुमच्या खिशातून जातं. सामानही सोलापूरहून थेट दुबईला जात नाही. मुंबईला पट्ट्यावरून काढून पुन्हा द्यावं लागतं. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील आणि दोन कंपन्यांचा तसा करार असेल तरच सामान पुढे जातं, आणि जोडविमान चुकलं तर व्यवस्थाही त्यांनीच करायची. वेगळ्या तिकिटांना देशांतर्गत जोडीसाठी तीन तास आणि परदेशीसाठी किमान पाच-सहा तास ठेवा. टर्मिनल १ आणि २ यांच्यात रस्त्याने जावं लागतं, वाहतुकीप्रमाणे वीस मिनिटं ते पाऊण तास.

सामानात आणखी एक तफावत असते. परदेशी तिकिटावर २३ किंवा ३० किलो मिळतात, सोलापूर-मुंबईच्या वेगळ्या तिकिटावर बहुधा १५ किलो आणि हातात ७. जास्तीच्या प्रत्येक किलोचे पैसे होटगी रोडलाच भरावे लागतात. दोन-तीन सोलापुरी चादरी आणि टॉवेलचा गठ्ठा घरीच काट्यावर ठेवून बघा, अंदाज नेहमी चुकतो. शेंगदाण्याची चटणी पोटातल्या बॅगेत द्या, कारण तिखटाची पूड हातातल्या बॅगेत चालत नाही आणि चटणीवरही तोच आक्षेप येतो. सुकं खोबरं मात्र पोटातल्या बॅगेतही चालत नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात धरतात. तुळजापूरहून प्रसाद घेऊन परतणाऱ्यांची बॅग याच कारणाने उघडली जाते. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, मोठी चाकाची बॅग दारातच काढून घेऊन पोटात ठेवतात. त्यातली औषधं, कागदपत्रं आणि पॉवर बँक आधी काढून घ्या. पॉवर बँक पोटात चालतच नाही.

दिल्लीला जाणाऱ्यांसाठी. सोलापूरहून थेट विमान असतं तर १,२१६ भागिले ८०० म्हणजे ९१ मिनिटं, अधिक ४०, सव्वादोन तासांच्या आत. मुंबई करून जायचं तर तासाभराचं विमान, मधे दोन-तीन तास आणि पुढे सव्वादोन तास, घर ते घर आठ-नऊ तास. वंदे भारतने पुण्याला तीन तासांत जाऊन लोहगावहून विमान घेतलं तरी नऊ तासांच्या आसपासच. वेळ सारखाच असताना मी पुणे निवडायला सांगेन, कारण लोहगावहून दिल्लीला दिवसात बरीच विमानं आहेत. एक चुकलं तर दुसरं मिळतं. मोटारीने लोहगावला जाताना हडपसरच्या गर्दीत न शिरता थेऊर फाट्याला वळून केसनंद, वाघोलीमार्गे जा. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याकडच्यांनी तर आधी सोलापूर गाठायला दीड तास जातो हे धरूनच पुण्याशी तुलना करावी. हैदराबादहून विमान धरणाऱ्यांनी नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत जाऊन पटणचेरूजवळ बाह्यवळण रस्ता धरावा, शहरात शिरू नये. शमशाबादपर्यंत सुमारे ३२० किलोमीटर, साडेपाच ते सहा तास. आखाती देशांना जाणाऱ्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुटुंबांना हा मार्ग मुंबईपेक्षा सोयीचा पडतो.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या तारखांच्या पलीकडचं तिकीट खूप आधी काढलं असेल तर वेळ बदलल्याचा संदेश येतो. तो येऊन तुमची पुढची जोडणी मोडत असेल तर लगेच कंपनीशी बोला. मोठ्या बदलावर बिनशुल्क तारीख बदलून किंवा पैसे परत मिळतात.

शेवटी भरपाई, कारण तिथे ब्लॉक टाइम लागतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यायला हवं. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. विमान वेळेत न कळवता रद्द केलं, तर एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून जी रक्कम होते ती, यातलं जे कमी असेल ते. सोलापूर-मुंबईचा वेळ नेमका तासाच्या रेषेवर आहे, म्हणून तिकिटावरच्या दोन वेळांमधला फरक मिनिटांनी मोजा. खराब हवामान किंवा हवाई नियंत्रणामुळे रद्द झालं असेल तर भरपाई लागू होत नाही, पैसे परत मात्र मिळतात. काउंटरवर रद्द होण्याचं कारण लेखी मागून घ्या किंवा संदेशाचा फोटो ठेवा. ‘परिचालन कारणास्तव’ असं लिहिलं असेल तर ते हवामान नव्हे, आणि तक्रार सरकारच्या एअरसेवा संकेतस्थळावर करता येते. तिथे पीएनआर, विमान क्रमांक आणि तो फोटो जोडावा.